बायजाच्या खेपा

"मग खोटं कोण बोलतंय, सिस्टर? ती, की रजिस्टर?"

डॉ. पराशर केंघेनं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. मनाच्या आजारासाठी आपण किती वेळा दवाखान्यात आलो, हे रुग्णांनी स्वतः सांगितलेलं एकावर होतं. दुसऱ्यावर दवाखान्याच्या दप्तरातली नोंद. बाकीच्यांचा मेळ थोड्याफार फरकानं लागला होता. बायजा चोगलेचा काही केल्या लागेना.

रजिस्टर म्हणे, एकतीस. बायजा म्हणे, एक.

सुवार्ता सिस्टरांनी दोन्ही कागदांवर नजर टाकली. खाडीकाठच्या त्या दवाखान्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. शिकाऊ असताना पराशर वर्षभर त्यांच्याच हाताखाली होता. आता तो पुण्याहून अभ्यासासाठी आला होता, आणि आपण बरेच पुढे गेलो असं त्याला मनातून वाटत होतं.

निकालही त्यानंच देऊन टाकला. आजारात आठवण दगा देते, अशा माणसांच्या शब्दावर विसंबता येत नाही, असं तो अहवालात लिहिणार होता. बायजाचाच दाखला देऊन.

"लिहा," सिस्टर म्हणाल्या. "आधी तिला एकदा विचारा."

निरोप गेला, आणि तासाभरात बायजा आली. सव्वा वर्षापूर्वी तिचा सहा वर्षांचा हरेश खाडीत बुडाला, तेव्हापासून तिची वाचाच बसली होती. एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी दीर तिला रिक्षात घालून आणायचा आणि बाकावर बसवून जायचा. ती बोलू लागली ती अगदी अलीकडे, मागच्या खेपेपासून.

पराशरनं तिला समजावून सांगितलं की दप्तरात एकतीस तारखा आहेत, जरा नीट आठवून पाहा.

"मला आणलं असंल," ती म्हणाली. "मी नव्हते आले."

"मग आलात कधी?"

"हरेशचं नाव घेतलं… त्या दिवशी."

सिस्टरांनी उठून तिला पाणी दिलं. मग रजिस्टर उघडून पराशरपुढे सरकवलं. त्यानं त्यातल्या तारखा तेवढ्या उतरवून घेतल्या होत्या. शेरे वाचले नव्हते.

पहिल्या तारखेपुढे सिस्टरांच्या अक्षरात होतं, 'बोलली नाही. बसले.'

दुसरीपुढेही तेच. त्याला वाटलं, घाईत हात चुकला असेल, 'बसली' लिहायचं असेल. त्यानं पान उलटलं. मात्रा तिथंही तशीच होती, ठसठशीत. नाताळ मंगळवारी आला होता, दवाखान्याला सुट्टी होती, त्याही दिवशी.

'बोलली नाही. बसले.'

तीस वेळा.

एकतिसाव्या तारखेपुढे एकच शब्द होता. 'हरेश.'

पराशर नकळत उभा राहिला. वहाणा न काढताच आपण कुठल्याशा गाभाऱ्यात शिरलो, असं त्याला झालं.

"सिस्टर," तो हळूच म्हणाला, "मी किती लिहू?"

सिस्टरांनी रजिस्टर मिटलं.

"तिची एक लिहा… त्या तीस माझ्या."