चित्रातल्या मुलीचे गाल

“मग आजपासनं माझ्या नावानं चित्रं काढू न्हवं, दाजी?”

हणमंतानं विचारलं, पण ते विचारण्यापेक्षा सांगणंच जास्त होतं. ब्रश धुऊन, पुसून तो तयारीत बसला होता.

त्याचे गुरू दाजीबा चितारी समोरची दोन चित्रं आळीपाळीनं न्याहाळत होते.

दुपारची वेळ. कोल्हापुरातल्या त्या माडीवर जवसाच्या तेलाचा वास दाटला होता. ऊन इतकं मऊ पडलं होतं की चित्रातल्या खिडकीतलं कुठलं आणि माडीच्या खिडकीतलं कुठलं, हे कळेनासं झालं होतं.

या माडीवर हॉलंडच्या जुन्या चित्रांच्या नकला हातानं रंगवल्या जात. सगळी दुखण्याखुपण्याची चित्रं. बाजारात दात उपटणारा भोंदू, जळवा लावणारी म्हातारी. आणि सगळ्यांत जास्त मागणी असलेलं हे... काळ्या झग्यातला, उंच टोपीतला डॉक्टर रोग ओळखायला लघवीची बाटली उजेडात धरून बघतोय, आणि खुर्चीत एक फिकट मुलगी उशीला टेकून बसली आहे. आताचे डॉक्टर ही चित्रं हौसेनं आपल्या दवाखान्यात लावतात. जुन्या डॉक्टरला हसायला बरं पडतं.

दाजीबांचा रिवाज साधा होता. छापील चित्र आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवायची. त्यांना फरक सापडला नाही, तर त्या दिवसापासून शिष्यानं स्वतःच्या नावानं चित्रं काढावीत.

हणमंताला त्या नावाची घाई होती. गावाकडे त्याची बायको, पारू, पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळली होती. निरोपावर निरोप येत होते. हा प्रत्येकाला सांगायचा, “नाव लागलं की येतो.” पारूला नाव नको होतं, नवरा हवा होता. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे कळत होतं, पण या शहाण्याला सांगणार कोण?

“सापडला का फरक?”

“शोधतोय...”

“सापडायचा न्हाई, दाजी. माझा हात म्हंजे आरसा हाय.”

“असंल बाबा.” दाजीबा उठले. “ती वाळत ठेवलेली आण बघू हिकडं.”

तेलरंग फार सावकाश वाळतो. त्यामुळे याच चित्राच्या हणमंतानं आधी केलेल्या नकला भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. एक झाली की तिला पाठमोरी लावायची आणि दुसरी हातात घ्यायची. त्या सगळ्या एकत्र कुणी पाहिल्याच नव्हत्या.

हणमंतानं त्या ओळीनं मांडल्या. सुरुवातीला छापील चित्र, मग नकला केल्या त्या क्रमानं, शेवटी आजची.

“आता चाल,” दाजीबा म्हणाले. “सावकाश. फकस्त तिच्याकडं बघ.”

हणमंत चालू लागला.

छापील चित्रातली मुलगी पांढरीफटक. पहिल्या नकलेतही तशीच. दुसरीत ओठांवर जरासा रंग. त्यापुढच्या चित्रात डोळ्यांखालचं काळं विरलेलं. त्याच्यापुढे मान उशीवरून किंचित सुटलेली... चालता चालता त्याला वाटलं, आपण चित्रं बघतच नाही. आपण एका खोलीत शिरतो आहोत आणि तिथं कुणीतरी हळूहळू जागं होतं आहे. आजच्या चित्रात तिच्या गालांवर चक्क तांबूस झाक होती. डॉक्टर मात्र सगळीकडे तोच, बाटलीत डोळे घालून उभा.

हणमंत आजच्या चित्रासमोर खाली बसला.

“म्या न्हाई केलं, दाजी. शपथ. रोज त्योच रंग घोटला. पांढरा, पिवळी माती, जरासा हिरवा.”

“बघत हुतो मी तुला घोटताना.”

“मग ह्यो तांबडा आला कुठनं?”

दाजीबा वाकून ते गाल जवळून बघू लागले.

“ह्या डॉक्टरचं औषध लागू पडलं म्हनायचं,” हणमंत कसनुसं हसला.

दाजीबांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि आजच्या चित्रावर टाकला. रंग ओला होता, पण त्यांनी पर्वा केली नाही. झगा, टोपी, बाटली सगळं झाकलं गेलं. उरली खुर्ची, आणि ती.

“आता सांग. तिच्यापाशी कोन हाय?”

हणमंत बघत राहिला. चित्रात दुसरं कुणीच नव्हतं. तिच्या समोर, हातभर अंतरावर, तो स्वतः बसला होता.

त्याला एकदम रडू फुटलं. एवढा रांगडा गडी, पण हुंदके आवरेनात.

“पारूचं त्वांड बघायचं धाडस हुईना, दाजी. मागल्या खेपंला वळखू येईना ती मला. नावाचं नुसतं निमित्त हुतं. हितं बसलो की वाटायचं... हिचा चेहरा नीट झाला, तर तिकडंबी...”

दाजीबा त्याच्या शेजारी टेकले. खाली रस्त्यानं कल्हईवाला ओरडत गेला, त्याचा आवाज लांब जाऊन विरला.

“म्हंजे मी नापास,” हणमंत म्हणाला.

“नक्कल फसली. साफ फसली.”

“मग आनि एक करू?”

सवयीनं त्याचा हात ब्रशकडे गेला. दाजीबांनी तो मधेच मनगटाशी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

“ही बरी झाली, लेका. आता तिच्याकडं जा.”