खांबाच्या तळाची अक्षरे

इंद्रकूट नगरावर राजा सुबाहूची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वांनी पाथरवटांच्या कुळात जन्म घेतला होता. भद्रक हे त्यांचे नाव. खांब उभारावा तर भद्रकांनीच, असे लोक म्हणत आणि खरेच म्हणत. बाकीचे पाथरवट दोरीला वजन बांधून ओळंबा सोडत आणि खांब सरळ आहे का ते पाहत. भद्रक नुसता एक डोळा मिटत आणि सांगत. पन्नास वर्षांत त्यांची नजर चुकली नव्हती. निदान चुकली असे तोंडावर सांगणारे कुणी भेटले नव्हते.

त्या पाथरवटांची एक रीत होती. खांबाचे जे टोक जमिनीत गाडायचे, त्याच्या तळावर कारागिराने त्या कामात झालेली आपली चूक कोरायची. कोरताना दुसऱ्याने डोकावायचे नाही. चूक जमिनीच्या पोटात गेली की माणूस मोकळ्या मनाने पुढच्या कामाला लागे. भद्रकांनी मात्र गेली तीस वर्षे तळ कोराच ठेवला होता. लिहिण्यासारखे काही घडलेच नाही, म्हणत. आता काय बोलावे!

सत्तराव्या वर्षी नदीकाठच्या पांथशाळेचे काम त्यांच्याकडे आले. ती त्यांचे गुरू आचार्य सोमिल यांनी बांधलेली. तिचे पुराने खचलेले खांब काढून नवे उभारायचे होते. राजासमोर खांबांवर दगडी तुळई चढवायचा मुहूर्त ठरला, आणि त्याच्या आदल्या सकाळी शेवटचा नवा खांब उभा राहिला. भद्रकांच्या हाताखाली तयार झालेली त्यांची मुलगी वासवी हिने त्याला ओळंबा लावला.

"बाबा, हा पूर्वेकडे अर्धं बोट कललाय," ती म्हणाली. "तुळई आज ना उद्या घसरेल, आणि खाली वाटसरू झोपलेले असतील."

भद्रकांना ते फार झोंबले. दोरी वाऱ्याने हलते, माझी नजर नाही, असे सुनावून त्यांनी तिला चारचौघांत घरी पाठवले. ती ओळंबा तिथेच ठेवून निघून गेली.

दुपारी मजुरांनी आधारापुरता ठेवलेला एक जुना खांब उपसून आडवा केला. तळावरची माती झटकताच अक्षरे दिसली. अक्षराचे वळण गुरूंचेच होते. लिहिले होते, "हा खांब मी तिरका उभारला. भद्रकाने दाखवले, तेव्हा त्याच्यावर ओरडलो. मग उपसून नीट केला. डोळे म्हातारे झाले, पण शिष्य तयार झाला. आज मला फार अभिमान वाटतो."

भद्रक त्या अक्षरांजवळ बसले. तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. गुरू ओरडले होते, खांब गुपचूप सरळ केला होता, आणि पुन्हा त्याविषयी अवाक्षर काढले नव्हते. गुरूंचा राग गेला नाही, असेच भद्रक जन्मभर समजत आले होते. ते लहान मुलासारखे रडले. मग उठून त्यांनी नव्या खांबाला स्वतः ओळंबा लावला. अर्ध्या बोटाचा फरक होता.

दुसऱ्या दिवशी राजा आला, तेव्हा वासवी ओळंबा धरून उभी होती आणि खांब जमिनीवर आडवा होता. मुहूर्त टळला म्हणून राजाने कपाळाला आठ्या घातल्या. भद्रक हात जोडून म्हणाले, "महाराज, माझी नजर आता चुकते. हिची चुकत नाही. हिला मी शिकवले आहे." शेवटचे वाक्य म्हणताना त्यांचा ऊर भरून आला.

मग सर्वांच्या देखत त्यांनी तळावर आपली चूक कोरली आणि शेजारी वासवीचे नाव कोरले. राजाने विचारले, मातीत जाणारे हे कोण वाचणार?

"ज्याला हा खांब काढावा लागेल तो," भद्रक म्हणाले. "त्यालाच त्याची गरज असेल."

ही कथा सांगून तथागत म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा सुबाहू म्हणजे आपल्याला हा विहार देणारा उपासक. वासवी म्हणजे भिक्खुणींमधली ज्येष्ठ थेरी चारुमती. भद्रक मी स्वतः होतो. आणि पाठ म्हणताना हल्ली अडखळतो म्हणून लाजून मागे बसलेला हा वृद्ध भिक्खू, थेर सुदंत, तोच तेव्हा आचार्य सोमिल होता. सुदंता, पुढे येऊन बस. आपले उणेपण उघड सांगणे ही सत्याची पारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, आणि ती मी तुझ्याकडून शिकलो आहे."