पाय धुवा, पाहुणे!

"अक्षय्य तृतीयेपर्यंत शाळेच्या बागेतल्या एकाही झाडाला पाणी घालायचं नाही! आणि त्या दिवशी बाग मला हिरवीगार दिसली पाहिजे. नाही दिसली, तर तिथं माझं बिलियर्डचं घर उभं राहील!"

बोरवटच्या रंगराव महाराजांनी हा हुकूम सोडला तेव्हा पाडवा नुकताच झाला होता. ऊन असं, की कावळेसुद्धा सावली सोडायला तयार नव्हते. पण महाराजांचं बिलियर्डचं टेबल विलायतेहून निघालं होतं आणि त्यांना गावात एवढी एकच जागा मोक्याची वाटली होती.

खरं तर ते नुसते जागा बघायला आले होते. शाळा सुटल्यावर पोरंपोरी तिथं खुरपत होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. गावानंही हात लावला होता. सुतारानं कुंपण ठोकलं, तेलीणबाईंनी पेंड दिली, म्हाताऱ्यांनी सल्ले दिले, तेही न मागता! भाजी निघाली की ज्याच्या घरी कालवण नसेल त्याच्याकडे आधी जायची.

महाराजांनी ही बाग मोडायची म्हटल्यावर शाळेचे पंतोजी नुसते मुजरे करत राहिले. बोलली ती गोजरा. गावोगाव बांगड्या विकणाऱ्या कासाराची पोर.

"महाराज, ही बाग मोडू नका. अख्खं गाव तिला जगवतं!"

"असं?" महाराज मिशीत हसले. "मग जगवू दे की गावाला. पाण्याशिवाय!"

आणि पहाऱ्याला दगडू शिपाई बसवून ते निघून गेले.

पोरं रडकुंडीला आली. गोजरा घरी येऊन ओसरीवर गाल फुगवून बसली. तेवढ्यात बाप बांगड्यांचं ओझं घेऊन धुळीनं माखून आला. तिनं रोजच्यासारखं त्याच्या पायावर तांब्यानं पाणी घातलं. पाणी वाहत दाराशेजारच्या अळवात गेलं. अळू कसं? टवटवीत! पानं सुपाएवढी!

"बाबा, या अळवाला आपण कधी पाणी घातलंय?"

"अळवाला कोण मुद्दाम पाणी घालतं, पोरी?"

गोजरा तांब्या टाकून जी पळाली, ती थेट पंतोजींच्या घरी!

दुसऱ्या दिवशी बागेत एक सपाट दगड आला. त्याच्याजवळ पाण्यानं भरलेलं घंगाळ आणि तांब्या. वाटेनं जाणारा दिसला की पोरं त्याला गराडा घालायची. "पाय धुवा, पाहुणे! पाय धुवा!"

दगडू धावत आला. "ए! पाणी घालायचं नाही!"

"कशाला घालायचं नाही, काका?" गोजरानं विचारलं.

"झाडाला!"

"आम्ही कशाला घालतोय?"

दगडूनं वाकून पाहिलं. "पायाला."

"मग पाय धुवायला महाराजांनी बंदी केलीय?"

दगडूनं हुकूम मनात दोनदा घोळवला. पायाचं नाव कुठंच सापडेना. "तशी नाही केली," तो म्हणाला.

"मग तुम्हीपण बसा! दिवसभर उन्हात उभे असता." गार पाणी पायावर पडलं आणि दगडूचे डोळे आपोआप मिटले.

मग काय, गावाला ऊतच आला! दगड आज वांग्यांपाशी, उद्या मेथीपाशी, परवा दोडक्याच्या मांडवाखाली. धोंडाआजी सकाळी पाय धुऊन जायच्या, फुफाट्यातून एक चक्कर मारायच्या आणि परत हजर! शेळ्या घेऊन गणू धनगर आला. "या पाहुण्या नाहीत का?" म्हणाला आणि एकेक शेळी दगडावर चढवली. एकदा परगावचं वऱ्हाड वाटेनं चाललं होतं. पोरांनी सगळं वऱ्हाडच आत ओढलं! सकाळपासून रुसून बसलेले वरबाप पाय पुसता पुसता गहिवरले. "एवढा मान आम्हाला मुलीकडच्यांनीसुद्धा दिला नाही हो!" त्यांनी पुन्हा एकदा पाय पुढे केले. त्या दिवशी टोमॅटोची चंगळ झाली.

अक्षय्य तृतीया उजाडली. भर दुपारी महाराज आले. बांधावरून घोडा जाईना, म्हणून शेवटचा तुकडा पायीच आले. मोजड्यांत धूळ, कपाळावर घाम. बागेच्या दारातच गोजरा तांब्या घेऊन उभी.

"महाराज, पाय धुवा."

महाराज दगडावर बसले. पाणी पडलं. "अहाहा! अजून एक तांब्या घाल, पोरी!"

पाय पुसले आणि त्यांनी मान वर केली. वांगी लटकलेली! मेथी तरारलेली! मांडवाला दोडके लोंबतायत!

"दगडू!" महाराज गरजले. "झाडांना पाणी कुणी घातलं?"

"कुणीच नाही, सरकार! माझ्या पोरांची शपथ!" दगडू म्हणाला.

"मग ही बाग जगली कशी?"

"आत्ता महाराजांनी दोन तांबे घालून जगवली, तशीच!" गोजरा म्हणाली.

महाराजांनी खाली पाहिलं. त्यांच्या पायांवरचं पाणी दगडावरून निघालं होतं आणि छोट्याशा पाटानं झुळझुळत थेट वांग्याच्या मुळाशी चाललं होतं! पंतोजींनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"म्हणजे माझा हुकूम मीच मोडला?"

"छे, छे! महाराजांनी तर नुसते पाय धुतले!"

आधी महाराजांच्या मिश्या हलल्या. मग पोट हललं. मग ते असे हसत सुटले की पागोटं सुटून मेथीत पडलं! दगडू हसला, पंतोजी हसले, धोंडाआजी तर खाली बसून हसल्या.

"बाग तुमची! कायमची!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि तुला काय देऊ, पोरी? मोत्यांची माळ? सोन्याचे गोठ?"

"तुमच्या घोड्यांची लीद द्या, महाराज. खताला फार छान!"

"लीद! आजवर राजाकडे लीद कुणी मागितली नव्हती गं!" महाराजांना पुन्हा हसू आवरेना. "दिली! पण राजाचं बक्षीस आहे, असं तसं जायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं बोरवट रस्त्यावर उभं राहिलं. पुढे सनई, मागे चौघडा, अंबारीचा हत्ती झुलत चाललेला, आणि त्याच्यामागे रेशमी झुली घातलेल्या बैलांच्या गाड्या, काठोकाठ लिदीनं भरलेल्या!