महाराजांची दाढ आणि निळा दिवा

घुमटगडच्या महाराज रणधीररावांची दाढ सोमवारी भरली आणि मंगळवारी ते भरलेलं सगळं चकलीबरोबर निघून आलं.

चूक दंतवैद्य मोरेश्वरपंतांची नव्हती. दाढेत भरायचा पांढरा मसाला लोण्यासारखा मऊ असतो. त्यावर निळ्या दिव्याचा उजेड धरला की तो दगडासारखा घट्ट होतो. पण हा उजेड मसाल्यात फार खोल उतरत नाही. म्हणून तांदळाच्या दाण्याइतका पातळ थर द्यायचा, दिवा अगदी दाढेजवळ नेऊन वीस आकडे मोजायचे, मग दुसरा थर. महाराजांच्या दाढेचा खड्डा चार थरांचा होता. पण महाराज म्हणाले, "मी तोंड एकदाच उघडीन. काय भरायचं ते भरा." पंतांनी घाबरून सगळा मसाला एकदम कोंबला. तो वरून घट्ट झाला आणि आत लोणीच राहिलं.

"उद्या दुपारच्या आत दाढ पक्की झाली पाहिजे," महाराजांनी फर्मावलं. "नाहीतर तुमचे बत्तीसच्या बत्तीस दात उपटून खजिन्यात जमा करीन."

"करतो महाराज. फक्त चार वेळा आ..."

"राजाला 'आ करा' म्हणता? यापुढे तो शब्द माझ्यासमोर काढायचा नाही. खूणही करायची नाही. आणि माझ्या जबड्याला कोणी हात लावला तर हात तोडीन."

पंत दवाखान्यात येऊन डोकं धरून बसले. त्यांच्याकडे दिवा धरायचं काम गिरजा करायची. दहा वर्षांत तिनं गावातलं बहुतेक प्रत्येक तोंड आतून पाहिलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"चार थर, दर थराला वीस आकडे. एवढंच ना, पंत?"

"एवढंच म्हणे! तो माणूस तोंड उघडणार नाही, गिरजे."

"सांगून नाही उघडणार. तुम्ही मसाला तयार ठेवा. बोलायचं मी बघते."

"काय बोलणार आहेस?"

"खरं तेच."

दुसऱ्या दिवशी ते दोघं राजवाड्यात गेले. महाराज ओठ घट्ट मिटून खुर्चीत रेलले होते. सगळा दरबार भोवती उभा. गिरजेनं दिवा हातात घेतला.

"महाराज, एका राज्यात हुकूम निघालाय म्हणे," ती म्हणाली. "घोडे खिंकाळताना दात दाखवतात, हा सरकारचा अपमान आहे. म्हणून सगळ्या घोड्यांच्या तोंडाला उपरणं बांधायचं."

महाराजांनी आ वासला. पंतांनी झटकन पहिला थर दिला, गिरजेनं दिवा दाढेशी नेला. पंत पाठीमागे बोटांवर आकडे मोजू लागले. वीस होईपर्यंत तोंड मिटू द्यायचं नव्हतं, म्हणून गिरजा बोलतच राहिली. "सेनापतींचा घोडा उपरणं खाऊन टाकतो. त्याला रोज नवं लागतं. परवा तर त्यानं सेनापतींचं मुंडासंच खाल्लं."

वीस झाले. महाराजांनी तोंड मिटलं.

"त्याच राज्यात मक्याच्या कणसांना अटक झाली," गिरजा म्हणाली. "दाणे दातांसारखे ओळीनं बसलेले, म्हणजे कणसं सरकारला चिडवतात. दोनशे कणसं तुरुंगात आहेत."

पुन्हा आ. दुसरा थर, पुन्हा निळा उजेड.

"रोज सकाळी हजेरी होते. काल अकरा कैदी कमी भरले. चौकशी केली तर पहारेकऱ्याच्या मिशीला मीठ-तिखट."

तिसरा हुकूम करवतींचा होता. करवतीचे सगळे दात घासून काढायचे. "आता सुतार फळीसमोर बसून तिला समजावून सांगतात, बाई गं, इथून दोन हो." हे ऐकून महाराजांचा जबडा असा लोंबला की पंतांनी निवांत पंचवीस मोजले.

तिसरा थर पक्का झाल्यावर महाराज म्हणाले, "कोण हा गाढव राजा?"

गिरजेनं पदराखालून तीन कागद काढून पुढे केले. खाली घुमटगडची राजमुद्रा होती.

"दाढ ठणकत असताना आपण हे काढलेत, महाराज. दवंडी आमच्या दवाखान्याखालूनच जाते, आणि मागून हे कागद भिंतीला डकवतात."

महाराजांनी तिन्ही कागद वाचले. चेहरा लाल झाला, ओठ घट्ट मिटले. चौथा थर राहिला होता. पंतांनी आपल्या तोंडावर हात ठेवला.

मग महाराज दातांतल्या दातांत म्हणाले, "आणि हे ऐकून लोक माझ्यावर हसले नाहीत?"

"कसे हसतील, महाराज? हसले तर दात दिसतील. मग तेही आत जातील, कणसांच्या शेजारी."

महाराजांच्या पोटातून जे हसू उठलं ते थेट जबडा फाडूनच बाहेर आलं. ते खुर्चीचा हात धरून हसले, डोळ्यांतून पाणी काढून हसले, मान मागे टाकून हसले. पंतांनी चौथा थर बसवला. डोलणाऱ्या दाढेबरोबर दिवा डोलवत गिरजेनं वीस नाही, चांगले चाळीस आकडे उजेड दिला.

हसू ओसरल्यावर महाराजांनी अख्खी सुपारी मागवली आणि त्याच दाढेखाली ठेवून चावली. कट्टकन आवाज झाला. सुपारीचे दोन तुकडे पडले. दाढ होती तिथंच.

"कारभारी," महाराज म्हणाले, "तिन्ही हुकूम फाडून टाका. आणि नदीकाठची पाच बिघे बागायत या बाईच्या नावे लिहा." मग पंतांकडे वळून म्हणाले, "पलीकडची दाढही जरा कुरकुरते आहे. ती कधी बघता?"

"गिरजेला विचारून सांगतो, महाराज," पंत म्हणाले.