पुण्याची एक जागा

सोलापुरात विणकरांच्या पेठेत एक वाचनालय होतं. विडी वळणाऱ्या बायका तिथं यायच्या, तेलुगू, कन्नड, उर्दू पुस्तकं मागायच्या आणि रिकाम्या हातानं परत जायच्या. सातवी शिकलेल्या सेविका नरसूबाई येमुल यांना ते बघवत नसे. अशा नाना भाषांच्या वाचकांची सोय कशी करावी, याचं दहा दिवसांचं प्रशिक्षण पुण्याला निघालं. जागा एकच. नरसूबाईंनी लगेच अर्ज दिला.

वाचनालयाचे अध्यक्ष गुरुपादप्पा यांना मात्र वाचनालयातच कारकून असलेला आपला भाचा पाठवायचा होता. भर सभेत ते म्हणाले, "सातवीवाल्या बाईचं तिथं काय काम? आमचा शिवलिंग पाच भाषा कोळून प्यालाय. त्याला शिकवणारा अजून जन्माला यायचाय."

"खरंय अप्पा," नरसूबाई म्हणाल्या. "मग जो जन्मलाच नाही, त्याची वाट बघत शिवलिंगदादांनी पुण्यात दहा दिवस काढायचे कशाला? मला शिकवतील अशी माणसं तिथं ढिगानं आहेत."

सभेत खसखस पिकली.

"मामा, मला काही येत नाही, असं सांगा की," भाचा कानाशी कुजबुजला.

पण आता ते चारचौघांत म्हणायचं कसं? अप्पांनी मुकाट्यानं नरसूबाईंच्या अर्जावर सही ठोकली.