आईचा दगड

आयर्लंडच्या पश्चिमेला ग्लेनारा नावाचं गाव आहे. तिथे प्रत्येक घराच्या दाराबाहेर एक सपाट दगड बसवलेला दिसतो. त्याला 'आईचा दगड' म्हणतात. किती मायेचं नाव, असं पाहुण्यांना वाटतं. गाव दाखवणारा म्हातारा डोनल त्यावर नुसता हसतो आणि गोष्ट सांगायला लागतो.

फार पूर्वी सोरखा लग्न होऊन या गावात आली. सासरी सात गाई. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी सकाळी सासूने बजावलं, "आज सूर्य मावळेपर्यंत घरातला विस्तव, मीठ, दूध कुणाला द्यायचं नाही. लोण्याची बरकत त्याच्या मागोमाग निघून जाते." एवढं सांगून ती गाईंकडे गेली.

तेवढ्यात दारात सोरखाची आईच उभी. "चूल विझली ग. एक निखारा दे." कुणालाच द्यायचं नाही, हे सासूने सांगितलं होतं, आईला नाही कसं म्हणायचं, ते सांगितलं नव्हतं. सोरखाने निखारा दिला.

दुसऱ्या दिवसापासून डेऱ्यात लोणी येईना, असं सांगतात. हात सुजेपर्यंत घुसळावं, तर वर नुसता फेस. नवरा अबोल झाला. सासू म्हणाली, "गाई त्याच, चारा तोच. नवीन तेवढी तूच." सोरखाला माहेरी परत पाठवायचं बोलणं सुरू झालं.

सोरखा धीर शोधायला माहेरी गेली. तिथे दोन गाईंच्या घरात लोण्याने भरलेली पिंपं मांडलेली.

"आई, चूल विझलीच नव्हती ना?"

आईने नजरही चुकवली नाही. "तुझ्याकडे सात गाई आहेत. आणि तू आता त्यांचीच की."

सोरखा परतली आणि तिने सासूला सगळं खरं सांगितलं. सासूने तिच्यापुढे ताट ठेवलं. मग म्हणाली, "जेवून घे." परत पाठवायचं बोलणं त्यानंतर कुणी काढलं नाही. लोणी मात्र वर्षभर आलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी आई पुन्हा आली. सोरखाने दाराबाहेर दगड मांडूनच ठेवला होता. "बस," वर-खाली दोन फळ्यांच्या दारातली फक्त खालची फळी लावून आतून कडी घालत ती म्हणाली, "सूर्य मावळला की आत ये." फळीच्या दोन बाजूंना बसून दोघी दिवसभर बोलल्या म्हणे, लोणी सोडून सगळ्यावर.

आजही त्या दिवशी ग्लेनाऱ्यातल्या सुनांच्या आया येतात, दगडावर बसतात, हालहवाल विचारतात. सूर्य मावळल्यावर लेक कडी काढायला उठते, तेव्हा आई म्हणते, "राहू दे, उशीर झाला." लेकही आग्रह करत नाही.