नोव्हेंबरात जमलेला धबधबा

“पण याच्यावर पहिलं चढलं कोण, मामा?”

“कशाच्यावर?”

“या समोरच्या धबधब्यावर.”

बुधामामांनी मान वर करून पाहिलं. काळ्या कातळाला चिकटून वीसेक पुरुष उंच बर्फ उभा होता. मधे निळा, कडांना दुधाळ... पडता पडता पाणी जागच्या जागी थिजलं होतं.

“हा तर नोव्हेंबरात जमला,” मामा म्हणाले.

“यंदाचं नाही विचारत मी. आधीच्या वर्षी कुणी चढलं होतं का?”

“आधीच्या वर्षी हा नव्हता.”

मयूरा चिडली. असलं कोड्यातलं बोलणं ऐकायला ती नाशिकहून दोन हजार किलोमीटर आली नव्हती.

मयूरा खैरनार इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. दिवाळी झाली की तिचे शनिवार-रविवार कातळावर जात. इगतपुरीच्या डोंगरात एक बिननावाचा सुळका होता, त्याच्यावर तिनं सलग दोन हंगाम घातले होते. शेवटचे तीस फूट उरले आणि परीक्षा आली. परीक्षा उरकून ती परत गेली, तर माथ्यावर पुण्याच्या मुलांचा झेंडा फडफडत होता. त्यांनी सुळक्याला नावसुद्धा देऊन टाकलं होतं.

त्या दिवसापासून तिला स्वस्थता म्हणून नव्हती. जेवताना पाय हलायचा. रात्री कूस बदलून बदलून अंथरूण गोळा व्हायचं. शेवटी हंगाम अर्ध्यात टाकून फेब्रुवारीत ती स्पितीला निघाली. आता कातळ नको. बर्फ. जिथं अजून कुणाचा झेंडा लागलेला नाही असं काहीतरी.

बुधाजी लोहकरे मूळचे अकोले तालुक्यातले, रतनगडाच्या पायथ्याचे. गिर्यारोहण शिकवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. बायको स्पितीची, म्हणून निवृत्तीनंतर तिच्याच गावात राहिले. थंडीत चार-दोन मुलं त्यांच्याकडे बर्फ शिकायला येत. त्या महिन्यात मयूरा एकटीच होती.

आठ दिवस मामांनी तिला गावामागच्या बुटक्या उतारावर चढवलं. दोर वरून बांधलेला. पडली तरी लोंबकळणार, एवढंच.

कातळावर ती बोटांनी खोबण शोधायची. इथं शोधायला काही नव्हतं. दोन्ही हातांतल्या कुऱ्हाडी बर्फात मारायच्या, बुटांच्या दातेरी टोकांनी लाथ घालायची, आणि जी जागा आपणच केली तिच्यावरच भरवसा ठेवायचा. मयूराचा भरवसा बसत नसे. एका घावात कुऱ्हाड रुतली तरी ती आणखी दोन घाव घाली. तुकडे खाली मामांच्या टोपीवर पडत.

“एवढ्या जोरात मारतीस,” मामा खालून म्हणत, “काय केलंय त्यानं तुझं?”

नवव्या दिवशी ती दुकानापर्यंत चालत गेली. गावात फोनला रेंज फक्त तिथंच. पुण्याच्या शार्दूलचा मेसेज आला होता. तोच, सुळक्यावर झेंडा लावणारा. ‘ऐकलं तू स्पितीत आहेस. आम्ही दोघं शनिवारी येतोय. एक मोठा धबधबा आहे म्हणे तिथं?’

ती धापा टाकत परत आली.

“मामा, मला उद्या त्या मोठ्या धबधब्यावर जायचंय. वरून दोर नको. खालूनच दोर घेऊन मी पुढं चढणार.”

“का गं?”

“शनिवारी ती मुलं येतायत.”

“येऊ दे की.”

“मग ते चढतील ना!”

“चढू दे की...”

“तुम्ही नाही म्हणालात तर मी एकटी जाईन.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं. ती उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती.

“एकटी नको जाऊ,” ते म्हणाले. “दोर मी धरतो. पर फटफटताच जायचं. ऊन लागायच्या आत तू खाली पायजेस.”

बुधवारी उजाडता उजाडता ती चढायला लागली. हेल्मेटवर कॅमेरा लावलेला. नावसुद्धा ठरलं होतं... मयूरधारा.

पहिले दहा पुरुष उंची ती भराभर चढली. वाटेत बर्फात स्क्रू पिळून त्यात दोर अडकवायचा, की पुढं. पण जसजसा खालचा पांढरा उतार दूर गेला तसतसे तिचे घाव वाढत गेले. एक. दोन. तीन. मग एकदा तिनं उजवी कुऱ्हाड इतक्या जोरात हाणली की पातं मुळापर्यंत आत गेलं.

आणि निघेना.

तिनं ओढून पाहिलं. हिसडा दिला. मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड झाला होता, बोटं मिटत नव्हती. शेवटचा स्क्रू पायाखाली दोन पुरुष राहिला होता. आता सुटली तर चार पुरुष खाली जाऊन बर्फावर आपटणार.

“मामा, निघत नाहीये!”

तिनं पुन्हा हिसडा दिला.

“मामा!”

“ऐकतोय.”

“हात गेलेत माझे!”

“मग बस.”

“बसू कुठं?”

“ज्यानं धरून ठेवलंय त्याच्यावर.”

तिला कळायला क्षणभर लागलं. मग तिनं कमरेच्या पट्ट्याची कडी त्या अडकलेल्या कुऱ्हाडीत घातली आणि हळूच अंग सोडलं.

कुऱ्हाड हलली नाही.

हात खाली लोंबले. बोटांत रक्त उतरताना इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्याकडे करायला काहीच नव्हतं. कपाळ बर्फाला टेकलं... आत, खूप आत, पाणी वाहत होतं. अगदी बारीक.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग तिनं कुऱ्हाडीचा दांडा जरा वर ढकलला, जरा खाली दाबला. पुन्हा वर, पुन्हा खाली. पातं सुटलं. तिनं वरच्या बाजूला घाव घातला. एकच. आणि त्याच्यावर उभी राहिली.

माथ्यावर पोचली तेव्हा समोरच्या शिखरांना नुकतं ऊन लागलं होतं. तिनं ओरडायला तोंड उघडलं... आणि श्वास खाली बसायच्या आत तिला फोटो आठवला.

कॅमेऱ्याचा दिवा विझलेला होता. थंडीनं बॅटरी कधीच मेली होती. फोन काढला, तो काळाठिक्कर.

“उतर आता!” मामांची हाक आली.

खाली येताच तिनं पहिलं हेच काढलं. “उद्या परत चढू. फोटोसाठी.”

“उद्या बघू.”

गुरुवारी आभाळ निरभ्र होतं. भिंती तापल्या, छपरांवरून थेंब गळायला लागले. मामा धबधब्याकडे गेले, लांबूनच पाहून परतले आणि मान हलवली. मयूरानं अंगणात दिवसभर येरझारा घातल्या.

शुक्रवारी भर दुपारी खडीचा ट्रक रिकामा व्हावा तसा आवाज झाला. खिडकीची काच थरथरली. मामा जेवत होते. ते क्षणभर थांबले आणि पुन्हा जेवायला लागले.

शनिवारी शार्दूल आणि त्याचा जोडीदार आले. चौघं मिळून वर गेले.

कातळ उघडा पडला होता. ओला, काळा, वरपासून खालपर्यंत. पायथ्याशी बर्फाचे ढीग. कुठं माणसाएवढे, कुठं मुठीएवढे.

“आपण उशीर केला राव,” शार्दूल म्हणाला.

“मी चढलेय,” मयूरा म्हणाली. “बुधवारी. माथ्यापर्यंत.”

“हे?” त्यानं ओल्या कातळाकडे पाहिलं. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. “फोटो वगैरे...?”

“बॅटरी गेली थंडीनं.”

“हं,” तो म्हणाला.

सुळक्यावरचा तो झेंडा तिला या ‘हं’पेक्षा बरा वाटला.

ती ढिगाऱ्यात शिरली. तुकडे उचलून, उलटे करून पाहायला लागली. गुडघे भिजले, हातमोजे भिजले. शार्दूल “अगं, राहू दे” म्हणाला ते तिनं ऐकलं नाही. एक तुकडा, दुसरा, दहावा... आणि मग ती ओरडली.

नारळाएवढा निळसर तुकडा. त्यात पात्याचं तिरपं भोक, आणि शेजारी बुटाच्या टोकांचे दोन ठिपके.

“हे बघ! माझे घाव आहेत हे! इथं उभी होते मी!”

शार्दूलनं वाकून पाहिलं. त्याच्या जोडीदारानंही पाहिलं.

“घाव तर आहेत,” शार्दूल म्हणाला. “कुठल्या उंचीचा असेल हा?”

मामांनी एव्हाना पाठीवरच्या पिशवीतून स्टोव्ह काढून पेटवला होता. वर रिकामी किटली ठेवली होती. त्यांनी हात पुढं केला.

“आण इकडं.”

मयूरानं तुकडा दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिला. मामा सांगतील आता. त्यांनीच तर दोर धरला होता.

मामांनी तो फिरवून पाहिला. भोकात करंगळी घातली. मग कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं एक ठोका देऊन त्याचे दोन केले, आणि दोन्ही किटलीत टाकले.

“मामा!”

बर्फ तडतडला. मयूरा किटलीवर वाकली. भोकाची कड आधी बोथट झाली. ठिपके भरून आले. मग तुकडे एकमेकांवर कलंडले आणि त्यांच्या जागी नुसतं पाणी राहिलं.



मामांनी चहापत्ती टाकली. दुधाची पावडर, साखर. उकळी आल्यावर चार कप भरले. दोन मुलांना दिले, एक स्वतःपुढं ठेवला, चौथा मयूरापुढं धरला.

तिनं हात पुढं केला नाही.

“दोर तुमच्या हातात होता, मामा. तुम्ही पाहिलंय मला. एकदा सांगा यांना... मी चढले होते की नाही?”

मामा कप धरून तसेच बसून राहिले. वाफ त्यांच्या मिशांत शिरत होती. शार्दूल आपल्या कपात पाहत होता.

शेवटी तिनं ओले हातमोजे ओढून काढले आणि कप घेतला. गारठलेल्या बोटांना चटका बसला, तरी सोडला नाही. एक घोट घेतला. मग दुसरा... सावकाश.

मामा तिच्या तोंडाकडे पाहत होते.

“साखर बरोबर पडलीय का गं?”